तीनफळीची कोर

अंगठेराव त्या संध्याकाळी घरी आला आणि दारातच त्याने बूट भिरकावले. एक भिंतीला लागला, दुसरा छत्र्यांच्या डब्यात जाऊन पडला.

"भिंतीनं काय केलं?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"तुझ्या सुनेला विचार."

"सकाळी तर आपली सून होती. दुपारनंतर माझी एकटीची झाली?"

सून त्याच्या मागोमाग आत आली. दोघं एकाच बसने आले होते, तो पुढच्या दाराशी उभा राहून, ती मागच्या. तिने दोन्ही बूट उचलून जागेवर ठेवले आणि आपल्या खोलीत गेली. दार तिने आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलेलं दार अंगठेरावाला परवडलं असतं.

झालं होतं एवढंच, की तिने बनवलेला घड्याळाचा पट्टा त्याने नापास केला होता. आणि तो पट्टा त्याच्याच मनगटासाठी होता.

सासरा आणि सून एकाच कारखान्यात. भारी घड्याळांचे स्टीलचे पट्टे तिथे तयार होत. पट्टे दोन तऱ्हांचे आणि त्यांची टेबलंही दोन. तीनफळीत एका ओळीला तीन रुंद तुकडे, फळ्या ठोकल्यासारखे सपाट. माथ्यावर बारीक रेघा, बाजूला आरसा. पाचदाणीत ओळीला पाच तुकडे, मधले दाण्यांसारखे फुगीर आणि चकचकीत. पाचदाणी मनगटावर कापडासारखी पडते, उजेडात लखलखते, ओरखडा पडला तरी पोटात घालते. तीनफळी काहीही पोटात घालत नाही. कामगार कुठे चुकला ते ती चारचौघांत सांगते.

तीनफळीचा सगळा जीव तिच्या कोरेत. रेघांचा माथा आणि आरशाची बाजू जिथे मिळतात, तिथली रेषा म्हणजे कोर. पॉलिशच्या चाकावर तुकडा क्षणभर जास्त दाबला की कोर गोल होते, आणि गोल कोरेची तीनफळी म्हणजे चोखून बाहेर काढलेली गोळी. उलट चाक लावलंच नाही तर कोरेला धार राहते आणि घालणाऱ्याचं कातडं जातं. कोर हवी, धार नको. हाताला कळावी, हाताला लागू नये. या दोहोंमध्ये जागा किती, ते सांगता येत नाही. ते अंगठ्याला कळतं.

म्हणून त्याचं नाव अंगठेराव. घामाचा डाग पडू नये म्हणून कारखान्यात सगळ्यांच्या बोटांना रबरी टोप्या असत. उघडा अंगठा फक्त टेबलाच्या तपासनिसाचा. तीनफळीचा तपासनीस तो. पट्टा समोर आला की डोळे मिटायचा आणि अंगठा कोरेवरून एकदाच, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा. पास झाला तर पट्टा स्वच्छ ट्रेमध्ये. नापास झाला तर तिथल्या तिथे पत्रा कापायच्या कात्रीने दोन तुकडे, म्हणजे चुकूनही बाहेर जायला नको. त्यावर कोणी बोलायचं नाही. अंगठ्याशी वाद नाही, हा त्या खोलीचा कायदा होता आणि तो अंगठेरावाने केलेला नव्हता. त्याच्या आधी त्या खुर्चीवर एक म्हातारी बसायची. ती नापास करताना तोंड उघडायची नाही, कात्रीच बोलायची. अंगठेरावाचा एक अख्खा हिवाळा तिने कापून काढला होता. तो रडला होता, शिव्या घातल्या होत्या आणि शिकला होता. शिकवायची दुसरी कुठली पद्धत असते हे त्याला ठाऊक नव्हतं.

आता तो निवृत्त व्हायचा होता. जाणाऱ्याला कारखाना एक घड्याळ देई. घड्याळ सगळ्यांना सारखंच, पट्टा मात्र ज्याच्या त्याच्या पसंतीचा. त्यातही एक रीत होती. तो पट्टा जाणाऱ्याच्या खुर्चीवर जो बसणार त्याने एकट्याने करायचा, आणि तपासायचा जाणाऱ्याने. संधी तीनच, आणि पट्टा पास झाला की खुर्ची त्याची. खुर्ची सुनेला मिळावी असं कारखान्याच्या मालकीणबाईंना वाटत होतं, अंगठेरावालाही वाटत होतं. तीनफळीवर तिच्याइतका कष्टाळू हात दुसरा नव्हता. ती नापास झाली, तर दोन्ही टेबलांची तपासणी गोटीकडे जाणार होती.

गोटी म्हणजे पाचदाणीचा तपासनीस. डोकं तुळतुळीत, अंग गोल, बोलणं गुळगुळीत. "निवृत्तीला पाचदाणी घे," तो म्हणाला होता. "म्हातारपणी मऊ बरं."

"मऊ तुझं डोकं. तीनफळी लिही."

"तीनफळी लवकर चरे दाखवते बाबा."

"चरे माझे असतील. मला लपवायचे नाहीत."

असं ऐटीत सांगून त्याने निवड केली. आणि सुनेने केलेल्या पहिल्याच पट्ट्यावर अंगठा फिरवला तर हाताला काहीच लागेना. नुसतं गुळगुळीत. त्याने डोळे उघडले, कात्री घेतली आणि कापला. सून समोर उभी होती. तिने तुकडे उचलून भंगारात टाकले. तेही त्याला बोचलं. तिने काहीतरी बोलायला हवं होतं.

ती जेवताना बोलली.

"बाबा, कोर होती."

"अंगठ्याशी वाद नाही."

"घरीसुद्धा?"

"घरी मी अंगठा काढून ठेवतो का?"

मुलगा ताटात बघून जेवत राहिला. बायको आणि बाप यांच्या मधोमध बसणाऱ्याला ताटासारखा आसरा नाही.

"पाचदाणीचं वळण आहे तुझ्या हाताला," अंगठेराव म्हणाला. "आधी त्या गोटीकडे बसलीस ना, तेच नडतंय. सगळं गोंजारायचं. आणि तू एकटीच नाहीस. यंदा सगळ्यांचेच हात बिघडलेत. टेबलावरच्या त्या डावऱ्याला सांगून सांगून थकलो, शेवटी गेला सोडून. जाऊ दे, म्हटलं. काम नको, पगार हवा."

"डावऱ्याचा हात चांगला होता," सून म्हणाली.

"मग मी खोटा?"

तो रागारागाने उठला, शेगडीवरचं पातेलं नुसत्या हाताने उचललं आणि स्वतःच वाढून घेतलं.

"अहो, चटका बसेल," बायको म्हणाली.

"कामाचा हात आहे. चटके तुम्हाला बसतात."

हे तो अलीकडे वरचेवर म्हणायचा, आणि मान ताठ करून म्हणायचा.

दुसरा पट्टा करताना तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. असं उभं राहणं चांगलं नव्हे. कामगाराच्या मानेवर श्वास पडला की हात अवघडतो. पण तिचा हात अवघडला नाही. जाड काचेवर पॉलिश पेपर ताणून धरलेला, त्यावर तुकडा सपाट टेकवून ती एकाच दिशेने ओढत होती. उचलायची, मागे आणायची, पुन्हा ओढायची. कोपर अंगाशी, मनगट ताठ, जोर खांद्यातून. मग चाक. चाकावर तुकडा टेकला न टेकला तोच उचलायची. अंगठेराव चूक शोधत होता. सापडत नव्हती, आणि सापडत नव्हती म्हणून त्याचं डोकं आणखी तापत होतं. असं काम बघताना एरवी त्याने तिला शाबासकी दिली असती. निदान गप्प राहिला असता, म्हणजे शाबासकीच.

पट्टा जोडून झाला. त्याने डोळे मिटले, अंगठा फिरवला.

काही नाही. पुन्हा गुळगुळीत.

डोळा एक सांगत होता, अंगठा दुसरं. सगळी हयात त्याने अंगठ्याचं ऐकलं होतं. डोळ्याला उजेड फसवतो, अंगठ्याला कोण फसवणार? त्याने कात्री घेतली.

कट् असा आवाज झाला आणि खोलीतली चाकं एकेक करून थांबली. गोटी पलीकडच्या टेबलावरून उठून आला.

"पोरीवर एवढा कसला डूख धरलायस?"

"तुझी शिकवण निस्तरतोय."

"दे तो तुकडा. बघू तरी मी."

"तीनफळीला तुझं बोट लागणार नाही. तू आपले दाणे निवड."

"अरे, मी काय खातोय तो?"

"जागेवर जा म्हणतो ना."

गोटी गेला. जाताना सुनेला म्हणाला, "सूनबाई, आमच्या टेबलावर जागा आहे गं." हे त्याने मुद्दाम मोठ्याने म्हटलं. सुनेने मान वर केली नाही. ती तुकडे उचलत होती.

त्या दिवशी ती बसने आली नाही. चालत आली. अंगठेरावाचे दोन कप चहा पिऊन झाले होते, तेही बायकोने आपटून ठेवलेले.

"सुनेला शिकवायचंय की संपवायचंय?" बायकोने विचारलं.

"मला त्या म्हातारीनं हिवाळाभर कापलं."

"म्हणून घरात आल्यावर तुम्ही मला हिवाळाभर कापलंत. मी आहे अजून, विसरले नाही. पण निदान त्या म्हातारीचं बरोबर होतं असं तुम्हीच सांगायचात. तुमचं बरोबर आहे का?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही. मी टेबलावर बसत नाही, मला काय कळतं?"

तेवढ्यात सून आली. घामाघूम झालेली. दारातच उभी राहून ती सासऱ्याकडे बघत म्हणाली, "उद्या देते तुम्हाला कोर." आणि आत गेली. तिच्या त्या बोलण्यात सूनही नव्हती आणि कामगारही नव्हती. बायको नवऱ्याकडे बघत राहिली. त्याने कपात बघितलं. कप रिकामा होता.

तिसरा पट्टा तिने दुपारच्या सुट्टीआधीच आणून त्याच्या समोर ठेवला. मालकीणबाईही येऊन उभ्या होत्या, कारण हा शेवटचा. गोटी आपल्या खुर्चीवरून मान लांब करून बघत होता. चाकं कोणी थांबवा म्हटलं नव्हतं, पण थांबली होती.

अंगठेरावाने डोळे मिटले. अंगठा कोरेवर टेकवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. सावकाश. नेहमीपेक्षा जोर देऊन, कारण त्यालाही आज कोर सापडायला हवी होती. सापडली नाही.

"गोल," तो म्हणाला.

डोळे उघडले तर पट्ट्याच्या रेघांवर एक लाल ओळ होती. त्याचा पारा चढला. पॉलिशची पेस्ट लाल असते. तयार पट्ट्यावर पेस्ट राहणं म्हणजे उष्ट्या ताटात वाढणं.

"पेस्ट पुसता येत नाही?" तो ओरडला. "नवशिके पुसतात पेस्ट. तपासायला आणताना पट्टा असा आणतात? ही खुर्ची मागतेस तू?" आणि पुसून दाखवायला त्याने अंगठा त्या लाल ओळीवरून घासला.

लाल ओळ पुसली गेली नाही. रुंद झाली. त्याने पुन्हा घासलं. आता लाल थेंब टेबलावर पडला, मग दुसरा.

"बाबा," सून म्हणाली, "हात बघा."

अंगठ्याच्या पेरावर उभी चीर होती, सरळ, जणू पट्टीने आखलेली. रक्त मनगटाकडे ओघळत होतं. अंगठेराव त्याच्याकडे दुसऱ्याच कोणाचा हात असावा तसा बघत राहिला. दुखत नव्हतं. काहीच होत नव्हतं. मग त्याने तोच अंगठा पुन्हा कोरेवर दाबला, जोराने, काही तरी कळावं म्हणून. गोटीने येऊन त्याचं मनगट पकडलं.

"सोड," अंगठेराव म्हणाला.

"सोडतो. आधी तू सोड."

सून बोलायला लागली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

"आज मी चाक लावलंच नाही कोरेला. पेपरवरून निघाला तसा जोडला. सुरीसारखा होता. म्हटलं, याला तरी कोर म्हणतील. तुम्ही म्हणालात गोल. पहिला बरोबर होता, बाबा. टोपी काढून बघितला होता मी. नियम मोडला, हो. दुसराही बरोबर होता. दोन्ही तुम्ही कापलेत. माझ्या हातचे. दिवसदिवसभराचं काम."

"पहिला होता?"

"होता."

अंगठेरावाचा राग तर तसाच होता, अंगात मावत नव्हता. पण तो ठेवायला जागा उरली नव्हती. सुनेवर नाही, गोटीवर नाही, पाचदाणीवर नाही. यंदा सगळ्यांचेच हात बिघडलेत, असं तो म्हणत आला होता. भंगाराच्या डब्यात वर्षभर जे पडलं, ते काय काय होतं? लोकांनी खांदे मोडून ओढलेले तुकडे. ज्यांच्या समोर ते कापले त्यांनी आपलंच चुकलं असं समजून मान खाली घातली होती. डावऱ्याने तर आपला हातच गेला असं मानून काम सोडलं होतं. वाईट काम त्याने आयुष्यात सहन केलं नव्हतं. आणि चांगलं काम कात्रीने कापत बसला होता, तेही डोळे मिटून.

"पास की नापास?" मालकीणबाईंनी हळूच विचारलं. त्यांना विचारणं भागच होतं.

"नापास," अंगठेराव म्हणाला.

गोटीने कपाळाला हात लावला. "अरे माणसा..."

"नापासच आहे. ही कोर नाही, धार आहे. घालणाऱ्याचा हात कापेल." त्याने रक्ताचा हात खिशातल्या फडक्यात गुंडाळला आणि तो खुर्चीवरून उठला. "पण हा कापायचा नाही. दुरुस्त होतो. सूनबाई, टोपी काढ."

ती हलली नाही.

"अंगठ्याची टोपी काढ म्हणतोय. आणि बस इथं."

तिने टोपी काढली. अंगठा पांढरा पडला होता, सुरकुतलेला, पाण्यात राहिल्यासारखा. ती खुर्चीवर बसली, अगदी कडेला. पट्टा पुसला, पिना काढून तुकडे सुटे केले, आणि एकेक घेऊन चाकावर टेकवू लागली. टेकवायची, उचलायची, उघड्या अंगठ्याने बघायची. पुन्हा टेकवायची. अंगठेराव शेजारी उभा होता. उभं राहण्याची त्याला सवय नव्हती.

"झालं?"

"नाही."

थोड्या वेळाने, "झालं?"

"तुम्ही विचारलंत की हात थांबतो माझा. मग पहिल्यापासून बघावं लागतं."

त्याने ओठ आवळले. खोलीत कोणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं. दुपारची सुट्टी निघून गेली, डबे तसेच राहिले. तिने पट्टा परत जोडला. मग डोळे मिटून अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला, एकदाच. मध्ये एका ठिकाणी थांबली. त्या ठिकाणची पिन काढली, तो एक तुकडा चाकावर पुन्हा टेकवला, लावला, आणि परत पहिल्यापासून अंगठा फिरवला.

"झालं," ती म्हणाली.

"बघू." त्याने हात पुढे केला.

तिने पट्टा मागे घेतला. "आधी जखम बांधा. रक्त लागेल."

"मी तपासायचा असतो. रीत आहे."

"कशानं तपासाल?"

हे सगळ्यांनी ऐकलं. गोटीने खाली बघितलं. अंगठेरावाच्या मानेवरची शीर फुगली, आणि क्षणभर वाटलं की हा आता टेबल उलथवणार. त्याने तेवढा श्वासही घेतला. मग डावं मनगट तिच्यापुढे केलं.

"घाल," तो म्हणाला. "बांध मग ती जखम."

पट्टा बसला. घट्टही नाही, सैलही नाही. माप तिने विचारलं नव्हतं. रोज जेवताना समोर बघत होती.

घरी बायकोने घड्याळ उजेडाला धरून पाहिलं आणि त्यावरून बोट फिरवलं.

"कोर लागते का?" त्याने विचारलं.

"मला काय कळतं? गार आहे."

"नीट बघ."

"गारच आहे. आणि हाताला काय झालंय ते आधी सांगा. पातेलं उचलत होतात तेव्हाच मी म्हणत होते."

"तेव्हा चटका बसेल म्हणत होतीस. बसत नाही असं कुठं म्हणालीस?"

"मी सांगितल्यावर ऐकलं असतं?"

नसतं. एवढं त्याला ठाऊक होतं. सून आतून आली, तिने तिघांना वाढलं आणि स्वतःला वाढून घेतलं. त्याच्याशी बोलली नाही. खुर्ची मिळाली म्हणून कापलेलं काम परत येत नाही, आणि ते आलं असं भासवण्याइतकी ती गोड नव्हती. अंगठेरावाने तिच्याकडून तशी अपेक्षाही केली नाही. गोड माणसं पाचदाणीवर.

रविवारी तो डावऱ्याच्या घरी गेला. उंच इमारत, लिफ्ट बंद, जिना चढून धाप लागलेली. डावऱ्याने दार उघडलं. तो आता कुठल्याशा गोदामात खोकी चिकटवत होता. नखांत डिंक वाळलेला. ज्या हाताने तीनफळी ओढली त्याच्या नखांत डिंक. अंगठेरावाने घड्याळ बाहीखाली लपवलं आणि जे सांगायचं ते उभ्या उभ्या सांगितलं. माझा अंगठा मेला होता. तुझे पट्टे बरोबर होते. किती ते मला सांगता येणार नाही. खुर्चीवर आता सून आहे, तिनं तुला बोलावलंय. मी नाही बोलावलं, मला तो अधिकार नाही.

डावऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा त्याचा हात चौकटीवर आवळला.

"तिला सांगा, सोमवारी येतो," तो म्हणाला.

मग त्याने दार लावलं. असं आपटून लावलं की जिन्यावरचा दिवा लुकलुकला आणि खालच्या मजल्यावर कोणीतरी शिवी दिली. अंगठेराव कठडा धरून, एकेक पायरी बघत खाली उतरला.